पाच करड्या पिल्लांचा खुलासा

ती. साडूभाऊंना,

साष्टांग नमस्कार. (तुम्ही माझ्याहून तीन वर्षांनी मोठे, म्हणून साष्टांग. कंबरेमुळे प्रत्यक्षात तो खुर्चीत बसूनच घातला आहे, तरी पोचला असं समजावं.) तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही डावा लिहिला होता आणि त्याआधीच्या पत्रात उजवा, तेव्हा दोन्ही विचारलेले धरा. ताईंचा खोकला गेला का? नसेल तर आमच्या सौ.चा त्यांना निरोप असा, की औषध वेळेवर घ्यावं आणि तुमच्यावर ओरडणं थोडं कमी करावं, दोन्हींनी घशाला आराम पडतो. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं तर ठीक नाही. गेले सात महिने शेजारचे मास्तर माझ्याशी बोलत नाहीत आणि चूक माझी आहे. हे वाक्य मी कच्च्या कागदावर चार वेळा लिहून पाहिलं. पहिल्या तीन वेळा त्यात चूक तुमची होती.

तसे तुम्ही यातून पूर्ण सुटलेले नाही आहात. मी नोकरीतून निवृत्त झालो तेव्हा तुम्ही मला पांढराशुभ्र ससा भेट दिलात. का दिलात ते मी विचारलं नाही, भेटीच्या सशाचे दात मोजू नयेत. आम्ही त्याचं नाव चुना ठेवलं. तुम्ही मला चुना लावलात, हे मागाहून कळलं. आमच्या दुकानाच्या पहारेकऱ्याने त्याच सुमारास एक काळी कुळकुळीत मादी आणून दिली, ती काजळी. सौ. म्हणाली, चला, बरं झालं, आता तरी घरातल्या भिंतींना हात लावायचे थांबाल. (निवृत्तीनंतरच्या पहिल्या महिन्यात मी स्वयंपाकघराचा रंग तीन वेळा बदलला होता. तिन्ही वेळा फरक फक्त मला दिसला.)

तुम्हाला माहीतच आहे, रंगाच्या दुकानात मिसळणीच्या काउंटरवर मी चौतीस वर्षं काढली. लोक भिंतीचा टवका आणायचे, सदऱ्याचं बटण आणायचे, एकाने तर खोलीला हवा तो रंग दाखवायला स्वतःचा पडलेला दात आणला होता, आणि मी डोळ्याने बघून हुबेहूब तो रंग डब्यात उतरवून द्यायचो. चौतीस वर्षांत एक डबा परत आला नाही. (एक आला होता, पण ते गिऱ्हाईक रंगांधळं होतं आणि तसं मी त्याच्या बायकोकडून लिहून घेतलं.) हे बढाई म्हणून सांगत नाही. पुढे जे घडलं ते अडाणीपणाने घडलेलं नाही, पुरेपूर कसबाने घडलेलं आहे, एवढं तुमच्या लक्षात यावं म्हणून सांगतो.

आता मास्तर. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शेजारचे शिंपी. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. बावीस वर्षं आमची भिंत एक. त्या भिंतीतली एक वीट आम्ही राहायला आलो त्याच्याही आधीपासून निघालेली होती आणि ते भोक दोघांनीही कधी बुजवलं नाही, कारण पाच वाजता त्यातून चहाचा कप पलीकडे जायचा. कप रिकामा होऊन परत आला, की त्याच्यामागून मास्तर स्वतः दाराने यायचे आणि आमच्या मागच्या पायरीपाशी, उपड्या घातलेल्या रंगाच्या पिंपावर बुद्धिबळाचा पट मांडला जायचा. माणूस बोलायला कमी. एक डाव चार दिवस चालायचा आणि चार दिवसांत त्यांची मिळून सहा वाक्यं व्हायची, त्यातली दोन चहाबद्दल. पण ती सहा वाक्यं ऐकायची मला इतकी सवय झाली होती, की ते चार दिवस बहिणीकडे गेले तरी मला जेवण जात नसे. मास्तरांकडेही एक ससा आहे, अस्तर नावाचा. करडा, अडीच किलोचा, एक कान मोडलेला. भिंतीच्या भोकातून तो संध्याकाळी नाक बाहेर काढून बसायचा आणि कप यायला लागला की मागे सरायचा.

तर काजळीला चुन्यापासून पाच पिल्लं झाली. पहिले काही दिवस ती नुसती गुलाबी असतात, त्यावरून कोणीच काही म्हणू शकत नाही. तिसऱ्या आठवड्यात लव नीट भरली आणि पाचही पिल्लं करडी निघाली. तुम्ही म्हणाल, काळा आणि पांढरा मिसळला की करडाच होणार, यात बिघडलं काय? साडूभाऊ, इथेच सामान्य माणूस आणि रंगवाला यांच्यात फरक पडतो. काळ्यात पांढरा घातला की सिमेंटसारखा थंड करडा मिळतो. ही पिल्लं तशी नव्हती. मी एकेक केस भिंगाखाली धरून पाहिला: बुडाशी पाटीसारखा करडा, मध्ये मातकट पिवळा पट्टा, टोकाला काळा. म्हणजे त्यात पिवडी होती. पिवडी म्हणजे ती पिवळ्या मातीची पूड, जी आम्ही मलईच्या रंगात चिमूटभर टाकतो. आता मला सांगा, काळ्या डब्यात पिवडी नाही, पांढऱ्या डब्यात पिवडी नाही, मग मिसळणीत ती आली कुठून? तिसरा डबा उघडल्याशिवाय येईल का? आणि आख्ख्या गल्लीत पिवडी असलेला ससा एकच होता.

मी घाई केली नाही. (हे मुद्दाम नमूद करतो. सौ. याच्या उलट सांगेल.) मी पिल्लाच्या पाठीचा रंग डोळ्याने हेरला, तो डब्यात तयार केला, वाळवला, भोकातून अस्तरचं नाक बाहेर आल्यावर त्याच्या कपाळाशी लावून पाहिला आणि तंतोतंत जुळल्यावरच तळहाताएवढा एक ठिपका सामाईक भिंतीवर मास्तरांच्या बाजूला, त्यांच्या शिवणयंत्रावरून सरळ दिसेल अशा बेताने काढला. मग त्यांना बाहेर बोलावून पिल्लू ठिपक्याशेजारी धरलं, अस्तरकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, बघा, आता तुम्हीच काय ते समजा. वर हेही म्हणालो, की बावीस वर्षांचा शेजार आहे म्हणून इतकंच बोलतो, तुमचं जनावर तुम्हाला सांभाळता येत नसेल तर तसं सांगा. सौ. मागून म्हणत होती, अहो, त्या भोकातून त्याचे कानसुद्धा पार होत नाहीत. मी तिला म्हणालो, जिथे इच्छा तिथे मार्ग. तेव्हा हे मला फार चपखल वाटलं होतं.

मास्तरांनी ठिपका पाहिला, पिल्लू पाहिलं, मग मला पाहिलं. म्हणाले, "दोन कापडांचा रंग एक असला म्हणून ती एकाच ताग्यातली नसतात." एवढं बोलून आत गेले आणि दार लावून घेतलं. मी त्याचा अर्थ असा लावला, की माणूस निरुत्तर झाला. त्याच संध्याकाळी तुम्हाला पत्र टाकलं आणि तुम्ही उलट टपाली कळवलंत, की अशा शेजाऱ्याचं तोंड पाहू नका आणि आधी ते भोक बुजवा. मी बुजवलं. सिमेंट लावून पक्कं बुजवलं, वर गिलावा केला आणि त्याला भिंतीचा जुना रंग असा जुळवून दिला, की आता ते भोक कुठे होतं ते मलाही हात फिरवल्याशिवाय कळत नाही.

तेव्हापासून पाच वाजतात आणि काही होत नाही. पहिल्या आठवड्यात सौ.ने सवयीने दोन कप भरले. दुसऱ्या आठवड्यात तिने एकच भरला आणि माझ्यापुढे असा ठेवला, की न भरलेलाही दिसावा. पिंपावर डाव अर्धा राहिला होता, माझी चाल होती. पट मी मोडला नाही, वर वेताची पाटी उपडी घालून ठेवली आणि रोज संध्याकाळी ती उचलून डाव बघतो, परत झाकतो. पलीकडून यंत्राचा आवाज येतो, मध्येच थांबतो, तेव्हा मला वाटतं आता दार वाजेल. दोरा संपलेला असतो. मला करमत नाही, साडूभाऊ. हे मी सौ.लाही सांगितलेलं नाही, तिला ते न सांगता कळतं आणि ती मला तसं कळू देते.

असो. आता दुसरा अंक. पाचपैकी तीन पिल्लं दिली, उरलेल्या दोन बहिणी ठेवून घेतल्या आणि पुन्हा असा प्रकार नको म्हणून त्यांना वरच्या अडगळीच्या खोलीत हलवलं. खिडकीला कडी, दाराला कुलूप आणि किल्ली दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात. अंघोळीलाही काढत नव्हतो. सहा महिन्यांनी त्या दोन बहिणींपैकी एकीला नऊ पिल्लं झाली. (दुसरी बहीण हा भाऊ होता. सशांच्या बाबतीत ही चूक शिकल्यासवरल्या माणसांचीही होते, असं नंतर मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आवाजात फारशी खात्री नव्हती.) भावाबहिणीचं ऐकून सौ.ने कपाळाला हात लावला, पण खरा धक्का पुढेच होता. नऊपैकी पाच करडी, दोन काळी कुळकुळीत आणि दोन पांढरीशुभ्र.

मी त्या खोलीत जमिनीवर बसलो. करड्यातून पांढरा! अहो, चौतीस वर्षांत कित्येक गिऱ्हाइकांनी मला विचारलं असेल, की चुकून काळा पडला तर पुन्हा पांढरा करून मिळेल का, आणि मी प्रत्येकाला सांगितलं, बाबा रे, डब्यात गेलेला रंग बाहेर येत नसतो. इथे दोन करड्या डब्यांतून पांढराही वेगळा निघाला होता आणि काळाही, पिवडीचा मागमूस नसलेला. बरं, संशय घ्यायचा तर घ्यायचा कोणावर? खोलीला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. त्या किल्लीच्या हिशेबाने बाहेरून आत गेलेला एकमेव नर मी होतो.

शेवटी टोपलीत नऊच्या नऊ पिल्लं घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तरुण बाई, शांत स्वभावाची. आधी मी त्यांना रंगशास्त्र समजावलं. त्यांनी ते मांजराला इंजेक्शन देता देता पूर्ण ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, आजोबा, ससा म्हणजे डबा नव्हे. सशाच्या अंगी रंग ठरवणारी गोष्ट एक नसते, अनेक असतात. त्यांना जनुकं म्हणतात. प्रत्येक जनुकाची एक चिठ्ठी आईकडून येते, एक बापाकडून, आणि एका जनुकाने दुसऱ्याचं तोंड बंद केलं तर दुसऱ्याचं म्हणणं बाहेर येतच नाही. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना काय दिसलं कोण जाणे, पण त्यांनी विचारलं, तुमच्या दुकानात रंग कोण मिसळायचं? म्हटलं, मी. कोठाराची किल्ली कोणाकडे असायची? म्हटलं, कोठीवाल्याकडे, आणि तो जर आला नाही तर मी दिवसभर हात बांधून बसायचो. बाई म्हणाल्या, झालं तर मग, तुम्हाला सगळं येतंय.

साडूभाऊ, ते असं आहे. सशाच्या आत एक कोठीवाला आणि एक मिसळणारा. तुमच्या चुन्याच्या अंगात मिसळणारा माझ्यासारखा पक्का, पिवडीचा पट्टा कसा द्यायचा ते त्याला पाठ. पण कोठीला कुलूप, किल्ली हरवलेली. रंगच मिळत नाही म्हणून ससा पांढरा. पांढरा हा त्याचा रंगच नव्हे, तो रंगाचा संप आहे. काजळीचं उलटं: कोठी सताड उघडी, पण मिसळणाऱ्याला पिवडी ठाऊक नाही, म्हणून सरसकट काळा. पिल्लांना आईकडून किल्ली मिळाली आणि बापाकडून कसब. किल्ली एकाकडूनच आली तरी कुलूप उघडतं आणि कसब एकाकडूनच आलं तरी चालतं. म्हणून पाचही पिवडीवाली करडी. त्यांच्या पुढच्या पिढीत चिठ्ठ्या पुन्हा वाटल्या गेल्या. कोणाला दोन्हीकडून हरवलेलीच किल्ली आली, ती पांढरी. कोणाला किल्ली आली पण कसब कुणाकडूनच आलं नाही, ती काळी. बाईंनी औषधाच्या कागदामागे सोळा चौकटी आखून दाखवल्या: नऊ करड्या, तीन काळ्या, चार पांढऱ्या. माझी पिल्लं नऊच, तेव्हा चौकटी तंतोतंत भरणार नाहीत, पण साधारण कल तोच, असं त्या म्हणाल्या. (तो कागद मी जपून ठेवला आहे. मागच्या बाजूला मांजराचं जंताचं औषध आहे.)

थोडक्यात, पिवडी तुमच्या चुन्यात होती. पहिल्या दिवसापासून होती. वरून पांढरा दिसला म्हणून मी त्याला रिकामा समजलो. डोळ्याने बघून रंग सांगणारा मी, पण जो रंग दिसत नाही तोही असू शकतो, हे मला चौतीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

निघताना मी बाईंना आपलं सहज म्हणालो, की शेजारच्या करड्या सशावर माझा उगीच संशय होता. त्यांनी विचारलं, मास्तरांचा अस्तर का? मोडक्या कानाचा? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, त्याचं तर तीन वर्षांपूर्वी मीच ऑपरेशन केलंय, त्याला पिल्लं होणं शक्यच नाही. मास्तरांकडे माझ्या सहीचा कागद असेल.

घरी येऊन मी सौ.ला म्हणालो, कागद होता तर मास्तरांनी त्या दिवशी दाखवला का नाही? एका मिनिटात सगळं मिटलं असतं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही तर रंग लावून मोकळे झालात." आणि थोड्या वेळाने म्हणाली, की बावीस वर्षांच्या माणसाला जर कागद दाखवावा लागत असेल, तर तो दाखवून तरी काय करायचं. साडूभाऊ, मला लाज वाटली. पुष्कळ वाटली. ठिपका पुसायला गेलो, तर मास्तर यंत्रावर बसलेले होते आणि त्यांच्यासमोर जाऊन तो खरवडण्याचं धैर्य झालं नाही. शिवाय तो निघणारा नाही. रंग उत्तम प्रतीचा आहे आणि हात माझा आहे.

तर अशी हकीकत. ताईंना नमस्कार, घरातल्या लहानांना आशीर्वाद, दोन्ही गुडघ्यांना शुभेच्छा. कळावे ते कळवलेच आहे.

आपला,
(रंगाच्या बाबतीत अचूक, बाकी सगळ्या बाबतीत नम्र) साडू

ता. क. : मूळ मुद्दा राहिलाच. तुम्ही मास्तरांना एक पत्र लिहावं. त्यात एवढंच लिहायचं, की चुन्याच्या पोटात पिवडी आहे हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं आणि तुम्ही ते माझ्यापासून लपवलंत. ते तुम्हाला ठाऊक नसणार, याची मला कल्पना आहे. पण भोक बुजवायचा सल्ला तुमचाच होता, तेव्हा थोडा भार उचलायला हरकत नसावी. मसुदा सोबत जोडला आहे, तुम्ही फक्त सही करायची. 'मी मुळातच लबाड माणूस आहे' हे वाक्य जास्त वाटलं तर खोडा, पण मला ते आवडलं आहे.

ता. क. २ : नऊपैकी चार पिल्लं तुमच्याकडे पाठवतो आहे. चारही मादी आहेत. (मी तपासल्या आहेत.)

ता. क. ३ : पत्र टपालात पडलेलं नाही. सौ. ते पेटीत टाकायला म्हणून दुपारी घेऊन गेली आणि सरळ मास्तरांच्या हातात देऊन आली. तिचं म्हणणं, जे सांगायचं ते भिंतीपलीकडच्या माणसाला आणि पत्र शंभर कोसांवरच्या साडूला, याला काय म्हणावं? मी अडगळीच्या खोलीत जाऊन बसलो होतो. आत्ता पत्र परत आलं. सगळी पानं शिंप्याच्या टाचणीने नीट टाचलेली आहेत. अस्तरच्या वजनापाशी 'अडीच' खोडून कापडावर खुणा करायच्या निळ्या पेन्सिलीने 'सव्वातीन' केलं आहे. (ते तसंच ठेवलं आहे, बघून घ्या.) बाकी लबाडी, लाज, कसब, कशालाही हात लावलेला नाही. फक्त शेवटच्या पानाच्या तळाशी त्यांच्या अक्षरात लिहिलंय: 'घोडा मागे घ्या. वजीर जातोय. सात महिने सांगायचं राहिलं होतं.'

मी पाटी उचलून पाहिली. खरंच जातोय. रोज बघत होतो, दिसलं नव्हतं. तुमचं ते सहीचं पत्र मात्र पाठवाच, घरात असलेलं बरं. आता छिन्नी शोधतो. सौ.ने दोन कप मांडलेत आणि पाच वाजायला दहाच मिनिटं आहेत.